शेंडेफळाकडे कोण येतं?

५ जून

प्रिय आत्या,

नव्या नोकरीचा पहिला महिना संपला. बाबांनी तुला सांगितलं असेलच, पण ते सांगतात तसं मी वीज कंपनीत "कॉम्प्युटर दुरुस्त" करत नाही. काय करते ते पुढे लिहिते.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला तू "हो हो" म्हणतेस, म्हणून पत्र. साहेबांना विचारूनच लिहितेय. जुन्या ऑपरेटरांशी बोला, असं त्यांनीच सांगितलं. अट एकच, पत्रात एकाही उपकेंद्राचं नाव नको. म्हणून मी बारसंच करून टाकलंय. सगळ्यात मोठं, ज्याच्यावर अर्धं शहर चालतं, ती थोरली. कारखान्यांना वीज देणारी मधली. आणि लाइनच्या पार टोकाचं, जे तू नोकरीची शेवटची अकरा वर्षं सांभाळलंस, ते शेंडेफळ.

आमची उपकेंद्रं तेवीस. कोणीतरी हजार मैलांवर बसून तिथले कॉम्प्युटर ताब्यात घेऊ शकतो आणि एकेक ब्रेकर उघडून अंधार करू शकतो. शेजारच्या कंपनीत गेल्या वर्षी तसं झालं. आमच्याकडे तपासणी पथकं आहेत फक्त चार. एक पथक एका उपकेंद्रात आठवडाभर मुक्काम ठोकतं आणि तिथल्या कॉम्प्युटरांत कोण आत येतंय-जातंय ते बघतं. आता मोठ्या ठिकाणांवरच कायम पहारा ठेवला तर तो धाकट्यांकडे वळेल. ठरावीक पाळ्या लावल्या तर पाळ्या पाठ करेल. म्हणून आम्ही चक्क चिठ्ठ्या टाकतो. हसू नकोस. डब्यात थोरलीच्या नऊ, मधलीच्या सहा, शेंडेफळाची एक, अशा. कोणाच्या किती, ते मी गणिताने काढते. बाहेरून बघणाऱ्याला कुठेही घुसलं तरी सारखाच फायदा आणि सारखाच धोका दिसला पाहिजे. मग त्याच्या हुशारीचा त्याला काही उपयोग उरत नाही. याला खेळाचं गणित म्हणतात.

आमच्या पथकप्रमुखाला सलग तीन आठवडे थोरली लागली. म्हणाला, "मॅडम, तुमच्या चिठ्ठ्या खोट्या आहेत." मी म्हटलं, "तीनदा लागली म्हणून चौथ्यांदा लागणारच नाही असं असतं ना, तर त्या खोट्या ठरल्या असत्या."

तुला विचारायचंय ते एवढंच. शेंडेफळाच्या कंट्रोल रूममध्ये दुरून शिरायला मुख्य लाइनशिवाय आणखी काही वाट आहे का? जुना फोन, कोणी जोडून ठेवलेली एखादी वायर? नकाशे फार जुने आहेत.

तुझी
भिंगरी

१२ जून

प्रिय भिंगरी,

पत्र दोनदा वाचलं. गणित कळलं असं म्हणत नाही, पण चिठ्ठ्या कळल्या. आम्ही चार भावंडं आणि खिडकीजवळचा पलंग एक. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकायचो आणि दर महिन्याला पलंग तुझ्या बापाला मिळायचा. तो आपल्या चिठ्ठीचा कोपरा दुमडून ठेवतो हे कळायला मला दोन वर्षं लागली. तुझ्या चिठ्ठ्यांची घडी कोण घालतं, तेवढं बघ.

पण शेंडेफळाची एकच चिठ्ठी? कुठे किती मेगावॉट जातात ते मोजलंस ना? त्या मापाने मीसुद्धा अकरा वर्षं जवळजवळ नव्हतेच म्हणायची. अगं, तिथल्या एवढ्याशा विजेच्या भारात पाण्याचे तीन पंप आहेत. ते थांबले की चार तासांत टाकी तळाला जाते. दवाखान्याचा जनरेटर सुरू व्हायला किती लाथा लागतात ते तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचार. थोरली पडली तर शहराला दोन बाजूंनी वीज फिरवता येते. शेंडेफळाला लाइनच एक. गेली की गेली.

वाटेचं विचारलंस. एक दार, एक कुलूप आणि एक बहिरी ऑपरेटर. त्यातली ऑपरेटर निवृत्त झाली.

दादाला सांग, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही, गुडघ्याला बांधायला आणलाय.

तुझी
आत्या

३ जुलै

प्रिय आत्या,

तुझं म्हणणं साहेबांपुढे मांडलं. "मेगावॉट नका मोजू, वीज गेल्यावर किती तास कोणाचं काय अडेल ते मोजा." दोन दिवस नव्याने आकडेमोड केली आणि शेंडेफळाच्या चिठ्ठ्या एकाच्या चार झाल्या. पथकप्रमुख म्हणाला, "तुमच्या आत्यांनी वशिला लावला!"

पण खरी बातमी पुढेच आहे. त्या चार चिठ्ठ्यांमुळे पहिल्याच आठवड्यात शेंडेफळाला पथक गेलं, त्यांनी तिथे नोंद ठेवणारं यंत्र बसवलं, आणि आत्या, तिथे कोणीतरी दुरून आत येतंय! दर दोन-तीन दिवसांनी, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, सात-आठ मिनिटं. कशाला हात लावत नाही. नुसते आकडे बघतो आणि जातो. कुठून येतो ते सापडत नाही. पथकाने पॅनेलमागची वायर न् वायर हाताळली.

ऑफिसात सगळे हादरलेत आणि खरं सांगू, मी मनातून खूश आहे. इतके दिवस मी एका काल्पनिक माणसाशी खेळत होते. आता तो खरा झाला. चोर आधी घर हेरून जातो, तसा हा हेरतोय. त्याला शेंडेफळ का हवंय याचा मी दिवसभर विचार करते. पंपांसाठी? साहेबांनी चारपैकी दोन पथकं तिथे कायमची बसवली. उरलेल्या बावीस उपकेंद्रांच्या चिठ्ठ्या आता दोनच पथकांत.

तू ओळखलंस ते मला ओळखता आलं नव्हतं. शेंडेफळ लहान नाही.

भिंगरी

९ जुलै

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं.

मी काही तुझ्याएवढी शिकलेली नाही, पण एकतीस वर्षं पॅनेलसमोर बसले. दर वाजलेल्या घंटेमागे बिघाड असतोच असं नाही. जुनी यंत्रं आपली आपणच कुरकुरतात. एखादा विसरलेला टायमर असेल. नुसतं बघून जाणाऱ्याने कोणाचं काय वाकडं केलंय?

थोरलीला उघडी टाकू नकोस. मी शेंडेफळाबद्दल जरा जास्तच लिहिलं असेल, तिथे आयुष्य गेलं म्हणून. माझं ऐकून माणसं हलवू नकोस.

इथे सगळं ठीक. कुंपणाला रंग दिला.

आत्या

२१ जुलै

प्रिय आत्या,

कुंपणाचा रंग कुठला ते लिहिलं नाहीस. एवढं छोटं पत्र तू आजवर लिहिलेलं नाहीस. तब्येत बरी आहे ना?

इथे वातावरण तंग आहे. ६ तारखेपासून तो आलेला नाही. एकदम बंद. मला वाटलं, पथक दिसल्यावर पळाला असेल, सुटलो. पण साहेब म्हणतात, उलट. शेजारच्या कंपनीतही हल्ल्याच्या आधी तीन आठवडे अशीच शांतता होती. हवं ते बघून झालं की ते येणं थांबवतात. माझं गणितही तेच सांगतंय. तो येत होता तेव्हा शेंडेफळावर हल्ला होण्याची शक्यता मी पाचात एक धरली होती, आता दोनात एक. म्हणून तिसरं पथकही तिकडे पाठवलंय. थोरली, मधली आणि बाकीच्या सगळ्यांना मिळून एकच पथक उरलंय. मला नीट झोप लागत नाही, पण पुरावा आहे तिथेच माणसं ठेवायची ना?

तू विनयाने स्वतःचं म्हणणं मागे घेतलंस, पण मी ते घेऊ देणार नाही. अहवालात लिहिलंय की शेंडेफळाचा धोका सर्वप्रथम एका निवृत्त ऑपरेटरने दाखवून दिला. नाव अर्थातच नाही.

भिंगरी

२४ जुलै

भिंगरी,

हे पत्र कुरियरने पाठवतेय, परवा तुझ्या हातात पडेल. शेजारणीकडून फोन करवता आला असता, पण हे दुसऱ्याच्या तोंडून सांगण्यासारखं नाही.

शेंडेफळाकडे मी येत होते.

आमचे हे, तुझे काका, अंथरुणाला खिळले तेव्हा दुसऱ्या ऑपरेटरची जागा कंपनीने रद्द केली होती. संध्याकाळनंतर मी एकटी. क्वार्टर दोनशे पावलांवर, पण घंटा ऐकायला कंट्रोल रूममध्येच बसायला हवं, आणि घरी त्यांना कूस बदलायलाही माणूस लागायचा. दोन्हीकडे धावून मी दहा-बारा दिवसांत टेकीला आले. आमचा रिले टेस्टिंगचा मेस्त्री भला माणूस होता. त्याने जुन्या फोनच्या लाइनला मोडेम लावून दिला, मीटरच्या रिकाम्या खोक्यात बसवला आणि वर "नादुरुस्त" अशी पट्टी चिकटवली. खोकं बॅटरी रूममध्ये, दाराच्या मागच्या भिंतीवर आहे. तुझी पथकं पॅनेलच्या मागे शोधत बसली. घरच्या कॉम्प्युटरवरून नंबर लावला की मला आकडे दिसायचे. मी बघण्यापुरतंच मागितलं होतं. त्याने ब्रेकरही जोडून दिले, म्हणाला, "असू दे बाई, वेळेला लागेल." ब्रेकरला मी एकदाही हात लावला नाही. पण लावता येतो. मला येतो म्हणजे ज्याला तो नंबर सापडेल त्यालाही येतो. पासवर्ड नाही.

चौदा महिन्यांनी ते गेले. त्यानंतर ते खोकं काढायचं राहून गेलं असं लिहिणार होते. ते खोटं आहे. मी काढलं नाही. निवृत्त होऊन या घरात आले तरी नंबर लावत राहिले.

तू जूनमध्ये सरळ विचारलंस आणि मी थट्टेवर नेलं. ३ तारखेचं पत्र ६ ला पोचलं, त्याच दिवशी मी वायर उपटली. वाटलं, येणारा यायचा थांबला की तुम्ही विसराल. आता तुझं पत्र वाचून कळतंय की मी आले तेव्हाही तुला शत्रू दिसला आणि थांबले तेव्हा जास्तच दिसला. तुझ्या खेळात मी गप्प बसणं हीसुद्धा एक चाल होती, आणि ती तुझ्याविरुद्ध पडली. तीन पथकं माझ्या पहाऱ्याला बसवलीस गं तू.

ताबडतोब साहेबांना दाखव. माझं नाव झाकू नकोस. अहवालातली ती ओळ खोड.

आत्या

१९ ऑगस्ट

आत्या,

चोवीस दिवस लिहिलं नाही. आधी लिहायचं नव्हतं, मग वेळ नव्हता.

तुझं पत्र २६ ला दुपारी आलं. जिन्यात बसून वाचलं. मी रडले ते तुझ्यासाठी नाही, माझ्या दोनात एकसाठी. मी त्या माणसाचा स्वभाव, त्याची चाल, सगळं लिहून काढलं होतं. भिंतभर तक्ते होते. आणि तो माणूस म्हणजे तू होतीस, चष्मा लावून. त्या क्षणी तुझा इतका राग आला की पत्र फाडून टाकावंसं वाटलं. फाडलं असतं तर कोणाला काही कळलंच नसतं, हेही मनात आलं. मग उठले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेबांनी शांतपणे वाचलं. म्हणाले, "तुम्ही हे मला दाखवलंच पाहिजे असं नव्हतं." मी म्हटलं, "होतं." संध्याकाळपर्यंत खोकं निघालं, तू सांगितलेल्या जागी. सोमवारी चारही पथकं पुन्हा चिठ्ठ्यांवर. पथकप्रमुखाला पुन्हा थोरली लागली. या वेळी त्याने नुसती पिशवी उचलली आणि निघाला.

१३ ऑगस्टला, सकाळी अकरा चाळीसला हल्ला झाला. खरा.

मधलीचे ब्रेकर एकामागून एक उघडले आणि स्क्रीनवर मात्र सगळं सुरळीत दिसत राहिलं. मधलीला त्या आठवड्यात पथक नव्हतं. कारखाने दोन तास वीस मिनिटं बंद होते. एका कारखान्याच्या भट्टीतली काच आत गोठली, अकरा माणसं लिफ्टमध्ये अडकली. जीव कोणाचा गेला नाही. त्याच वेळी तेच थोरलीवर सुरू झालं. तिथे पथकप्रमुख बसला होता. स्क्रीनवरचा आकडा आणि पॅनेलवरचा काटा जुळत नाहीत हे त्याने बघितलं आणि कोणाला न विचारता बाहेरून येणारी नेटवर्कची केबल उपटली. अर्ध्या शहराला कळलंही नाही.

साहेब म्हणाले, "नशीब!" मी म्हटलं, "नशीब नाही साहेब, नऊ चिठ्ठ्या." पण मधलीच्याही सहा होत्या, आणि त्यातली एकही निघाली नाही. हे गणित जिंकायचं नसतं, कमीत कमी हरायचं असतं. मला ते पुस्तकात माहीत होतं. लिफ्टमधून बाहेर आलेल्या बाईचा चेहरा बघितल्यावर समजलं.

तुझं पत्र नसतं तर तीन पथकं शेंडेफळावर असती.

आणि तरीही. खोक्याच्या नोंदीत तुझ्याशिवाय आणखी एक नंबर सापडलाय. दोनदा कोणीतरी दार वाजवून गेलं होतं. चौकशी होणार आहे, ४ सप्टेंबरला. बाजू मला मांडायची आहे, कंपनीची.

भिंगरी

२३ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

दोनदा दार वाजलं, ती ओळ मी तीनदा वाचली. मी ज्या दारातून डोकावत होते त्याच दारात दुसरं कोणी उभं असेल हे कधी डोक्यातच आलं नाही.

मी येते. तिथे मला आत्या म्हणू नकोस. "तुम्ही" म्हण. आणि विचारायचं ते सगळं विचार, हातचं राखून नको. तू राखलंस तर ते बघतील, आणि मग तुझ्या कुठल्याच गणितावर विश्वास ठेवणार नाहीत.

कुंपण निळं आहे.

आत्या

८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

घरी नीट पोचलीस ना? बसस्टॉपवर धड बोलता आलं नाही, तिथे ओरडून बोलावं लागलं असतं.

तुला ऐकू येणार नाही म्हणून प्रश्न कागदावर लिहून द्यायचे ठरले तेव्हा चौकशी समितीचे अध्यक्ष वैतागले होते. मला मात्र बरं वाटलं. तोंडाने "तुम्ही" म्हणणं मला जमलं नसतं, लिहिताना जमलं. "तुम्हाला नियम माहीत होता का?" तू म्हणालीस, "पाठ होता." "मग?" "मग मोडला." अध्यक्षांनी विचारलं, "एवढी वर्षं तुम्ही तिथे काय बघत होता?" तू म्हणालीस, "भार." त्यांनी पुन्हा विचारलं. तू पुन्हा म्हणालीस, "भार, साहेब. किती वाढला ते."

आता निकाल. सेवापुस्तकात लाल शेरा, बाकी काही नाही. एकतीस वर्षांत पहिला, मला माहीत आहे. तो टाळता येत नव्हता. एक सभासद जबर शिक्षा मागत होते, उदाहरण म्हणून. मी उठून म्हटलं, "शिक्षा यांना होईल, पण बघत दुसरे असतील. अशी खोकी आणखी किती ठिकाणी आहेत ते आपल्याला माहीत नाही. ती लावणाऱ्यांना आज कळणार आहे की खरं सांगितलं तर काय होतं. जबर शिक्षा दिलीत तर ती सगळी खोकी भिंतीतच राहतील." मी हे आत्यासाठी बोलले की गणितासाठी, हे मलाच ठरवता येत नाही. दोन्हींचं उत्तर एकच येत होतं.

शेवटची चिठ्ठी मी कोणी न सांगता लिहिली होती, "काका गेल्यावरही का?" तू ती वाचलीस, घडी घातलीस आणि पर्समध्ये ठेवलीस. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

तुझी
भिंगरी

१७ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तुझी चिठ्ठी पर्समधून काढून समोर ठेवलीय.

संध्याकाळी सहाला शेंडेफळाचा भार अगदी तळाला असतो. मग साडेसहाच्या सुमाराला आकडा हलायला लागतो. थोडा, मग आणखी थोडा, मग भराभर. काका होते तेव्हा मी त्यांना वाचून दाखवायचे. ते म्हणायचे, "आला बघ एक घरी." पुढचा आकडा बदलला की, "ही दुसरी आली." प्रत्येक आकड्याबरोबर कुठेतरी कोणीतरी चप्पल काढून दिवा लावत होतं. सात-आठ मिनिटांत सगळं गाव घरी यायचं. ते गेल्यावर मी एकटीच बघायचे. दिवा न लावता बसायचे, स्क्रीनचा उजेड पुरायचा. हे अध्यक्षांना सांगितलं असतं तर त्यांना दया आली असती. मला शेराच बरा वाटला.

तू "बघत दुसरे असतील" म्हणालीस, ते तुझ्या ओठांवरून मला कळलं होतं. घरी येऊन मी विचार केला. मेस्त्री भला होता म्हणजे तो एका माझ्याचसाठी भला नसणार. आमच्या वेळचे जे जे ऑपरेटर एकटे पडले होते त्यांची नावं काढली. पाच निघाली. साहेबांना कळवून पाचांनाही पत्रं लिहिली. लिहिलं की मी असं केलं, असं सांगितलं, लाल शेरा मिळाला, लाज वाटते, पण पेन्शन चालू आहे आणि भाची अजून बोलते.

तिघांनी कळवलं, आमच्याकडे तसलं काही नाही. खरं असेल, नसेल. चौथ्याचं उत्तर नाही.

पाचवा काल स्वतःच आला, न कळवता, दोन बस बदलून. सत्तरीचा आहे, दम लागला होता. तुझ्या यादीतल्या अशा उपकेंद्रात होता की त्याला तू अजून नावही ठेवलं नसशील. दारातच उभा राहून त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. कुठली वायर कुठून कुठे नेलीय, त्याचा पेन्सिलने काढलेला नकाशा. मला म्हणाला, खूप मोठ्याने, मला ऐकू यावं म्हणून, "बाई, हे कोणाला द्यायचं ते तुम्हीच सांगा. मला एकट्याला जायचं धाडस होत नाही."

नकाशा या पत्राबरोबर पाठवत नाही. सोमवारी आम्ही दोघं मिळून घेऊन येऊ, गेटवर निरोप ठेव.

त्याला आत बोलावलं. कागदावरचं काही दिसेना इतका अंधार झाला होता. मी उठून दिवा लावला.

तुझी
आत्या